रुमालाखालची दोन बोटं

माणसानं बिडी ओढावी की न ओढावी हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण रामनिवास शेठसारखी मात्र ओढू नये. सकाळी डोळा उघडायच्या आधी त्यांचा हात उशाखाली जायचा. एक बिडी संपायच्या आत तिच्यावरच दुसरी पेटायची, त्यामुळे शेठला दिवसाला एकच काडी लागते असं आम्ही गाडीवान लोक म्हणायचो. पानावर बसले की तेवढी बाजूला ठेवत, तीही विझवून नव्हे.

शेठ जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्या-कापसाच्या बाजारात, अडते होते. आम्ही खेड्यातले लोक गाडीत कापूस भरून आणायचो, त्यांच्या दुकानासमोर बैल सोडायचो आणि आमच्या वतीनं खरेदीदाराशी भाव ते करायचे. मी वाटूरचा. वडलांच्या वेळेपासून आमचा माल त्यांच्याच दुकानी जायचा. माल विकेपर्यंत शेतकऱ्याचं जेवण अडत्याकडं, ही तिथली रीत. बाकीच्या दुकानी जेवण म्हणजे पातळ वरण आणि उठा उठा अशी घाई. शेठकडं मात्र त्यांच्या पत्नी सायरबाई स्वतः उभं राहून वाढायच्या. डाळ, बाटी आणि नंतर तुपा-साखरेचा चुरमा. चुरम्याला त्या हात आखडता घेत नसत आणि पानात टाकायची कुणाची छाती नव्हती.

सायरबाई स्वतः मात्र तो चुरमा खात नव्हत्या. त्याचं कारण शेठची बिडी.

सायरबाईंचे वडील सेलूला हलवाई होते. ज्या घरात पोरं साखरेच्या पाकात खेळून मोठी होतात त्या घरातली ही बाई. लग्न होऊन आल्या तेव्हा जेवणाआधी गोड, जेवणात गोड आणि नंतर तोंड गोड करायला पुन्हा गोड, असा त्यांचा खाक्या होता असं शेठच सांगत. मग एका हिवाळ्यात शेठला खोकल्याची अशी उबळ आली की ते निळे पडले. दोन दिवस घरात चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले आणि त्यांनी पहिलं काय मागितलं, तर बिडी. सायरबाई उठल्या. डोक्यावर पदर घेतला, गोपाळाच्या मंदिरात गेल्या आणि नेम घेऊन आल्या. शेठ बिडी सोडतील तोवर गोड तोंडात घालायचं नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा.

बायका रागाच्या भरात असं काहीतरी बोलतात आणि महिन्याभरात विसरतात, असं मला वाटलं होतं. ही बाई दहा-अकरा वर्षं विसरली नाही. मुलाच्या लग्नात नव्या सुनेनं पेढा भरवायला हात पुढं केला, तो त्यांनी कपाळाला लावून ताटात परत ठेवला. सगळा मांडव बघत होता. शेठ उठून मांडवाबाहेर गेले आणि तिथं उभं राहून काय करत होते ते सांगायला नको.

मला त्या दिवशी शेठचा फार राग आला होता. एवढी बायको तुमच्यापायी सुकून चालली आणि तुम्हाला धूर सुटत नाही. तसं मी त्यांना तोंडावर बोललोही. ते चिडले नाहीत. त्यांनी आजवर काय काय केलं ते सांगितलं. वेलदोडे चघळून झाले होते. बिडीचं बंडल विहिरीत टाकून झालं होतं, आणि संध्याकाळी त्याच विहिरीवर जाऊन काठावर पडलेली एखादी सापडते का तेही बघून झालं होतं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की माझा राग ओसरला. हा माणूस खोटा नव्हता, त्याचं काही चालत नव्हतं.

पोलीस ॲक्शन होऊन सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. स्टेशनाकडं अग्निहोत्री नावाच्या एका डॉक्टरांनी दवाखाना थाटला होता. ते औषधाबरोबर मोहिनीविद्याही करतात अशी बोलवा झाली. रोग्याला खुर्चीत बसवतात, त्याच्याशी बोलत राहतात, आणि माणूस उठतो तेव्हा त्याचं व्यसन गेलेलं असतं. रेल्वेतल्या एका माणसाची शिंदीची दारू सुटली होती म्हणे. आमच्याकडं असलं काही ऐकलं की लोकांना पहिली आठवते ती भानामती. डॉक्टर नजरेनं बांधतो, त्याच्याकडं कवटी आहे, तो माणसाचं नाव कागदावर लिहून पुरतो, काय वाट्टेल ते लोक बोलत होते.

शेठनं मात्र जायचं ठरवलं. सायरबाई दोन्हीकडून अडकल्या. बिडी सुटायला हवी होती, पण नवरा बांधला जायला नको होता. मी नेमका तेव्हा पेरणीच्या सामानासाठी जालन्याला आलो होतो. त्यांनी मला आत बोलावून घेतलं.

"काकासाहेब, यांला तिथं खुर्चीत झोपवून राह्यलेत म्हणे. तुमी संग जा. पण तुमी जागं राहा बरं. कुणी तोंडावरून राख-बिख फिरवली तं हात धरा त्याचा."

मी गेलो. खरं सांगायचं तर मला कवटी बघायची होती. पण तिथं एक किडकिडीत तरुण माणूस चष्मा पुसत बसला होता, आणि खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या नि पाण्याचा माठ एवढंच. माझी निराशा झाली. डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं की यात जादू काही नाही. मी कुणाला झोपवत नाही, तुम्ही स्वस्थ बसायचं आणि मी बोलणार. बोलण्याचे पैसे घेणारा वकील मला ठाऊक होता, डॉक्टर पहिलाच बघत होतो.

छताचा चुना एका ठिकाणी उडाला होता, तिकडं शेठला बघायला सांगितलं. मग डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागले. पाय जड झालेत, हात जड झालेत, पापण्या जड झाल्यात. आवाजात काही विशेष नव्हतं, बाई मूल निजवताना जशी एकसुरी बोलते तसं. पण शेठची मान हळूहळू कलली आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना बिडीवाचून निवांत बसलेलं पाहिलं. मी स्वतःच्या मांडीला चिमटे घेत जागा होतो.

डॉक्टरांनी विचारलं, बिडी कोणत्या बोटांत धरता. शेठनं डोळे मिटलेलेच ठेवून उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं आणि मधलं बोट उचललं. डॉक्टर म्हणाले, छान. आता तल्लफ आली की ही दोन बोटं मुठीत घट्ट धरायची. ती धरली की छातीत गार वारा भरेल, मनाला बरं वाटेल, हसू येईल आणि बिडीची आठवण राहणार नाही. हेच त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि स्वतः शेठची दोन बोटं धरून दाखवली. शेठ मिटल्या डोळ्यांनी हसले.

हे मी ऐकलं आणि शेठनंही ऐकलं. डॉक्टर बिचारे बाहेरगावचे, त्यांना काय ठाऊक. पण आमचा दोघांचा जन्म मोंढ्यात गेला होता आणि दोघांपैकी एकालाही काही खटकलं नाही. आषाढात मोंढा रिकामा असतो, आणि रिकाम्या मोंढ्यात अक्कलही सुट्टीवर असते.

परतताना वाटेत पानाचं दुकान लागलं. शेठचा हात सवयीनं खिशाकडं गेला, थांबला, मग त्यांनी डाव्या मुठीत ती दोन बोटं धरली. तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळासारखे ते हसले आणि पुढं चालायला लागले. मी मागं वळून दुकानाकडं बघितलं. दुकानदारही तोंड उघडं टाकून बघत होता.

सायरबाईंनी शेठला उंबऱ्यात उभं करून वरून खाली पाहिलं. डोळे तपासले, नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. सगळं जागेवर आहे म्हटल्यावर आत घेतलं. पण नेम सोडायला त्या तयार झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आज उद्याचं सांगू नका. आता देव झोपतील, चौमासा बसेल. चौमासाभर बिडीला हात लागला नाही, तर कार्तिकी एकादशीला देव उठले की दुसऱ्या दिवशी बारसेला चुरमा करीन आणि त्या दिवशी मीही खाईन. शेठनं मान डोलावली. आता त्यांच्या डोळ्यांसमोर कार्तिकातली बारस आणि सायरबाईंच्या हातातला घास याशिवाय दुसरं काही नव्हतं.

पुढचे महिने त्या घराचे मजेत गेले. मी पोळ्याच्या आधी एकदा जाऊन आलो तर शेठ ओळखू येईनात. खोकला गेला होता, पोट सुटलं होतं. भाजीत मीठ कमी आहे हे त्यांना जन्मात पहिल्यांदा कळलं होतं आणि ते कळल्यापासून ते रोज सांगत होते. सायरबाई वैतागल्यासारखं दाखवत, पण त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. दिवसातून कितीतरी वेळा शेठ बोटं मुठीत धरून हसायचे. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, शेठला आपल्याला बघून फार आनंद झाला. सोयऱ्याधायऱ्यांत त्यांची कीर्ती वाढली.

मग दसरा झाला आणि कापूस आला.

मोंढ्यात तेव्हा भाव तोंडानं होत नसे. खरेदीदार आणि अडत्या समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर रुमाल टाकत, आणि रुमालाखाली खरेदीदार अडत्याची बोटं धरी. जितकी बोटं, तितका भाव. वरचा मोठा आकडा सगळ्यांना माहीत असे, बोटांनी फक्त पुढचे रुपये सांगायचे. दोन बोटं म्हणजे पडेल भाव, चार म्हणजे बरा, पाची बोटं धरली तर शेतकऱ्याची दिवाळी. पसंत नसेल तर अडत्यानं हात ओढून घ्यायचा. ओढला नाही आणि खरेदीदारानं रुमाल उचलला, की सौदा पक्का. कापूस ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा असे, पण रुमालाखाली काय चाललंय ते त्याला दिसत नसे. कायद्यानं हा रुमाल कधीच बंद झाला होता म्हणे, पण कायदा कचेरीत राहत होता.

या कामात अडत्याचा चेहरा महत्त्वाचा. त्यावर काही उमटता कामा नये. रामनिवास शेठचा चेहरा म्हणजे तर पाषाण. त्यातून पुढं बिडीचा धूर, त्यामुळे कुणाला काही थांग लागत नसे.

माझीच गाडी पहिली होती. खरेदीला गोपीकिशन आले. ते एका जिनिंग कारखान्यासाठी माल घेत, आणि मोंढ्यातला सगळ्यात चिकट माणूस कोण असं विचारलं तर पोरंसुद्धा त्यांच्याकडं बोट दाखवत. ते बसले, रुमाल पडला. सुरुवात नेहमी दोन बोटांनीच व्हायची, तो नुसता रिवाज. मग शेठनं हात ओढायचा, गोपीकिशननं तोंड वाकडं करायचं, आणि तिथून पुढं खरं काम.

गोपीकिशननं दोन बोटं धरली आणि शेठ हसले.

साधं हसणं नव्हतं ते. पोटभर जेवून सावलीत पडलेल्या माणसाचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. गोपीकिशन आधी दचकले. अडत्याला सौद्यात हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण माणूस पक्का होता. त्यांनी झटकन रुमाल उचलून खांद्यावर टाकला आणि सौदा झाला म्हणून उठले. माझा कापूस दोन बोटांत गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शेठला दुकानाच्या आत ओढत नेलं.

"शेठ, हसलात कशाला तुमी?"

"मला न्हाई माहीत, काकासाहेब. त्यानं बोटं धरली अन् मला लई बरं वाटलं."

हे बोलले आणि त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. मीही पाहिलं. मग आम्ही एकमेकांकडं पाहिलं. छताचा तो उडालेला चुना दोघांनाही एकदमच आठवला असावा.

त्या आठवड्यात शेठच्या दुकानी खरेदीदारांची झुंबड उडाली. शेठच्या दोन बोटांना हात लावा, शेठ हसतो, ही बातमी पार राजूरपर्यंत गेली. शेठनं नाना उपाय केले. डावा हात पुढं केला, तर खरेदीदार म्हणाले डाव्या हातानं व्यवहार होत नाही. सौद्याच्या वेळी दुःखाचा विचार करून पाहिला. त्यासाठी मी त्यांच्या मागं उभा राहून कानात त्यांच्या मेलेल्या घोडीच्या आठवणी सांगत होतो. घोडीचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण समोरच्यानं दोन बोटं धरली आणि ते रडता रडता हसले. सौदा झाला. नंतर नंतर शेतकरी आपल्या गाड्या दुरूनच वळवून दुसऱ्या दुकानी नेऊ लागले, आणि त्यांना नावं ठेवायला मला जागा नव्हती.

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, रुमाल म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतलं आणि मग इतके हसले की चष्मा खाली पडला. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हसून झाल्यावर मात्र ते गंभीर झाले. म्हणाले, ही गाठ मी सोडवू शकतो. पण सगळी बिडी या एका गाठीवर तर थांबली आहे. सवय मुरायला अजून काही महिने हवेत. आत्ताच सोडवली तर बिडी परत येणार नाही याची खात्री मी देत नाही. तुम्ही सांगाल तसं करतो.

शेठ गाठ तशीच ठेवून उठून आले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी गोपीकिशन दुकानी आले. त्यांनी शेठसमोर बिडीचं बंडल ठेवलं आणि मित्र म्हणून सांगतो अशी सुरुवात केली. एक ओढा, डोकं ठिकाणावर येईल, धंदा आहे शेवटी. शेठच्या भल्यासाठी आले होते असं मी म्हणणार नाही. शेठ आता सगळ्यांनाच दोन बोटांत माल देत होते, आणि चिकट माणसाला दुसऱ्याचा फायदा स्वतःच्या तोट्याहून जास्त झोंबतो. शेठनं बंडल उचललं. नाकाशी नेलं. मग त्यांनी ते तसंच गोपीकिशनच्या हातात परत दिलं आणि घरात गेले. मीही मागून गेलो.

सायरबाईंना मोंढ्यातलं सगळं कळलं होतं. मोंढ्यातलं बायकांना आधी कळतं. त्या चुलीपुढं बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"डॉक्टरकडं जा अन् ती गाठ सोडवून घ्या. किसानाचा माल पडून राह्यला तुमच्यापायी. त्यांच्या लेकराबाळांच्या तोंडचं जाऊन राह्यलं."

"अन् बिडी आली तं?"

"आली तं आली. इतकी वर्षं गोड न्हाई खाल्लं, आणखी न्हाई खाल्लं. मरून थोडीच राह्यले मी."

शेठ तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी आपली दोन बोटं मुठीत धरली. चेहऱ्यावर हसू आलं, डॉक्टरांची गाठ पक्की होती, पण त्या हसण्यावरून डोळ्यांतलं पाणी खाली ओघळत होतं. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. मला त्या दोघांची फार माया आली. माझा पडलेल्या भावातला कापूस त्या वेळेपुरता मी विसरलो.

पाडव्याला मोंढ्यात मुहूर्ताचा सौदा असतो. दुकानं सजतात, नवे कपडे घालून सगळे अडते, खरेदीदार, शेतकरी जमतात. आमच्या वाटूरच्या गाड्या मी अजून अडवून धरल्या होत्या. बाकीच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. गोपीकिशन नवा रेशमी रुमाल घेऊन थेट शेठच्या दुकानी आले, कारण मुहूर्ताला दोन बोटांत माल मिळणं म्हणजे वर्षभराची बरकत. ते बसले, रुमाल झटकला आणि हात पुढं केला.

शेठनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"गोपीकिशनजी, आजपासून माझ्या दुकानी तोंडानं बोला. जो भाव द्यायचा तो बराबर सगळ्यांसमोर बोला."

गोपीकिशनला भर बाजारात धोतर सोडा म्हटल्यासारखं झालं. शेतकऱ्यासमोर भाव बोलायचा? त्यांनी आजूबाजूला पाहिलं. बाकीचे खरेदीदारही जमले होते. शेठ म्हणाले, मी बायकोला शब्द दिला आहे आणि तुमच्यासाठी तो मोडणार नाही. हात देणार नाही. माल चांगला आहे, घ्यायचा तर बोला, नाही तर गाड्या उभ्या राहू द्या.

मुहूर्त टळत होता. शेवटी गोपीकिशन खाली बघत पुटपुटले, "दोन."

इतकी वर्षं मी कापूस विकत होतो, माझ्या बापानं विकला, त्याच्या बापानं विकला. माझ्या मालाला पहिली बोली काय लागते ते आमच्या खानदानात त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी कानावर पडलं. जमलेले शेतकरी मोठ्यानं हसले. रुमालाखाली दोन बोटं धरणं निराळं आणि चारचौघांत दोन म्हणणं निराळं. गोपीकिशनचे कान लाल झाले. तेवढ्यात परभणीकडचा एक खरेदीदार मागून तीन म्हणाला. रुमालात एकाचा भाव दुसऱ्याला कळत नसे, आता सगळ्यांना कळायला लागला. परभणीकर आपल्यापेक्षा वर गेला हे गोपीकिशनला सहन होईना. ते चार म्हणाले. कुणीतरी साडेचार म्हणालं. मग पाच. आणि पाचानंतर एक क्षण सगळे गप्प झाले, कारण हाताला बोटं तेवढीच असतात आणि त्याच्या पुढं कसं जायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. गोपीकिशन पाय आपटत म्हणाले, "साडेपाच."

बोटं संपली तरी भाव चढत होता. मी गाडीच्या जुवावर चढून उभा राहिलो होतो आणि माझ्या वयाला शोभणार नाही असं ओरडत होतो.

बाकीचे अडते भडकले. रामनिवासनं धंद्याची अब्रू घालवली, त्याला वाळीत टाकू, अशी भाषा झाली. पण दुसऱ्याच दिवशी गाड्यांची तोंडं शेठच्या दुकानाकडं वळली, मंठ्याच्या, परतूरच्या, कुठल्या कुठल्या. ज्यांनी वाळीत टाकायचं त्यांच्याच दारात माल येईना, तेव्हा कोण कुणाला वाळीत टाकणार. शेठ हात पाठीमागं बांधून हमरस्त्यावर उभे असत आणि भाव मोठ्यानं म्हणत. तल्लफ आलीच तर पाठीमागच्या पाठीमागं बोटं मुठीत धरत. आता ते हसले तरी कुणाचं काही जात नव्हतं.

देव उठले आणि बारस उजाडली.

सायरबाईंनी पहाटेपासून चुरमा केला होता. शेठनं आम्हा सगळ्या गाडीवाल्यांना जेवायला ठेवून घेतलं. अंगणात पंगत बसली, पानं वाढून झाली. त्यांच्या घरात पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बायका जेवत नसत, पण शेठ पाटावर बसले नाहीत. ते म्हणाले, आज आधी सायरबाई खातील. त्या खाईपर्यंत या पंगतीत कुणी घास उचलायचा नाही. सायरबाई लाजून आत पळाल्या. सुनेनं त्यांना धरून आणलं आणि पाटावर बसवलं. त्यांनी पदर पुढं ओढून थोडी पाठ फिरवली, आणि शेठनं वाढलेल्या चुरम्याचा घास तोंडात घातला.

आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी दोनदा चावलं आणि त्या थांबल्या. मग हळूच वळल्या. पदर मागं सरकला तरी त्यांना भान नव्हतं.

आम्ही सगळ्यांनी आपापल्या पानात बघायला सुरुवात केली. काय झालं ते आम्हाला माहीत होतं. तो चुरमा खाताना दात शिवशिवत. चाखून बघता येत नसल्यानं त्या अंदाजानं साखर घालत आणि हलवायाच्या लेकीच्या हातचं गोडाला कमी पडलं असं व्हायला नको म्हणून दर साली मूठभर जास्तच घालत. मूठ मूठ करत तो चुरमा कुठल्या कुठं गेला होता.

"याच्यात किती साखर हाय," सायरबाई म्हणाल्या. "नेहमी अशीच राहते का?"

शेठ घसा खाकरून म्हणाले, "मागच्या नऊ-दहा सालांपासून जरा जास्त हाय."

"अन् तुमी रोज खाऊन राह्यले? एका शब्दानं बोलले न्हाई?"

"तू माझ्यामुळं सोडलं व्हतं. मंग तुला कोणत्या तोंडानं सांगू का गोड जास्त झालं?"

सायरबाई शेठकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पंगतीकडं पाहिलं, आमच्या एकेकाच्या चेहऱ्याकडं, वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं निमूट गिळणाऱ्या दाढीमिशावाल्या बाप्यांकडं. त्यांना हसू फुटलं. तोंडावर पदर दाबून त्या हसत होत्या आणि मधेच डोळे पुसत होत्या. सून हसायला लागली, आम्ही हसायला लागलो. शेठही हसले, आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

हसू ओसरल्यावर सायरबाईंनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. सगळा चुरमा त्यांनी संपवला. मग पाटावरून उठून त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आज कुणी जायचं नाही. उद्या त्या पुन्हा चुरमा करणार, चाखून चाखून करणार आणि तो बराबर झाला की नाही ते आम्ही खरं खरं सांगायचं.

त्या रात्री वाटूरकडं एकही गाडी निघाली नाही.